सिंगातोकाच्या खोऱ्यातले वाकालोलो

नारळाचा रस उकळू द्यायचा नाही आणि फुटू तर मुळीच द्यायचा नाही, हे आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी खवणीवर बसायला शिकवतानाच शिकवले जाते. शिरवाळ्यांचा, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर खायचा, रस आम्ही चुलीवर चढवतच नाही. गूळ आणि वेलची घालून तो तसाच वाढला जातो. सोलकढीलाही आच लागत नाही, आणि आमटीत रस घातला की उकळी फुटण्याआधी पातेले उतरवायचे असते. त्यामुळे नारळाच्या बाबतीत आपल्याला शिकण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, असा समज घेऊनच मी फिजीला गेले होते. ऑकलंडला भावाकडे महिनाभर राहायचे होते आणि तिथून फिजी विमानाने जेमतेम तीन तासांवर, म्हणून ऑगस्टमधले आठ दिवस मी या बेटांसाठी राखून ठेवले होते.

ज्या गावाच्या विमानतळावर आपण उतरतो त्याचे नाव रोमन लिपीत वाचले तर ‘नाडी’ होते, पण तिथली माणसे त्याचा उच्चार ‘नान्दी’ असा करतात. तिथून दक्षिणेकडे जाणाऱ्या रस्त्याने तासा-सव्वा तासात सिंगातोका येते. जळगावच्या केळीबागायतदारांना हे नाव पाठ असेल, कारण केळीच्या पानांवर पडणारा सिगाटोका करपा याच खोऱ्याच्या नावाने जगभर ओळखला जातो. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीमुळे या खोऱ्यात भाजीपाला इतका पिकतो की त्याला फिजीची भाजीची परडीच म्हणतात, आणि सिंगातोकाच्या बाजारात त्याची खूण पदोपदी पटते. वांगी, भेंडी, मिरच्या यांच्या राशींशेजारी दालो म्हणजे अळूचे थोराड कंद, तावियोका म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, आणि लालसर सालीची रताळी मांडलेली होती. रताळ्याला तिथे ‘कुमाला’ म्हणतात.

या कंदाचा प्रवास मला फार विलक्षण वाटतो. रताळे मूळचे मध्य किंवा दक्षिण अमेरिकेतले. पॉलिनेशियातले दर्यावर्दी ते युरोपीय जहाजे त्या महासागरात शिरण्याच्या कितीतरी आधीपासून पिकवत होते. कुक बेटांपैकी मांगाइया बेटावर रताळ्याचे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे जळके अवशेष सापडले आहेत. न्यूझीलंडच्या माओरींचा ‘कुमारा’, टोंगा आणि फिजीचा ‘कुमाला’, ही सगळी एकाच शब्दाची भावंडे. आपल्याकडे तेच रताळे उलट्या दिशेने, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आले. त्यांचा ‘बटाटा’ हा शब्द मुळात रताळ्याचाच होता. मराठीत तो भलत्याच कंदाला चिकटला आणि रताळे आपले जुने देशी नाव घेऊन उपवासाच्या ताटात बसले. पृथ्वीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून आलेले हे कंद मी सिंगातोकाच्या बाजारात हातात घेऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या अंगाला आमच्या परसातल्या रताळ्यांसारखीच ओली माती चिकटलेली होती.

बाजारातून मला खोऱ्यातल्या एका गावी नेणारे टॅक्सीचालक गिरमिटियांच्या चौथ्या पिढीतले होते. 1879 ते 1916 या काळात 60 हजारांहून अधिक भारतीय मजूर करारावर फिजीत आणले गेले, ते मुख्यतः उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी. ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश होऊन त्या कराराचे ‘गिरमिट’ झाले. त्यांची हिंदी भोजपुरी-अवधीच्या वळणाची असल्याने मला सावकाश ऐकावी लागत होती. मात्र नारळाच्या दुधाला तेही ‘लोलो’च म्हणत होते आणि लोलोतली मासळी आपल्या घरी कशी होते, हे त्यांनी मला वाटेत तपशीलवार सांगितले.

फिजीच्या गावात पाहुण्याने रिकाम्या हाताने जायचे नसते. यांगोना नावाच्या झुडपाच्या मुळ्यांची जुडी आधी गावच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवायची, त्यांनी ती स्वीकारली की मग आपण गावचे. डोक्यावर टोपी चालत नाही, खांद्याला पिशवी अडकवून फिरणे चालत नाही, आणि कमरेला सुलू, म्हणजे लुंगीसारखे वस्त्र, गुंडाळावा लागतो. हे सोपस्कार मला मनापासून आवडले. कोणाच्या घरात शिरताना थोडे थांबावे लागणे ही चांगलीच गोष्ट आहे.

ज्यांच्याकडे मी गेले त्या घरातल्या आजींना सगळे ‘बुम्बू’ म्हणत. तिथल्या भाषेत आजीला हाच शब्द आहे, म्हणून मीही त्यांना बुम्बूच म्हणू लागले. त्यांना इंग्रजी मोजकेच येत होते आणि त्यांची सून आमच्या दोघींमध्ये दुभाषी झाली होती. स्वयंपाकघर म्हणजे घरापासून अलग, पत्र्याचे छप्पर असलेली एक पडवी. तीत तीन दगडांची चूल आणि भिंतीला टेकवून ठेवलेली सोडणे. त्या दिवशी करायचे होते वाकालोलो. या नावाचा सरळ अर्थ ‘लोलो घातलेले’ असा. एका प्रकारात किसलेला तावियोका, ओले खोबरे, साखर आणि आले एकत्र करून केळीच्या पानात बांधून उकडतात. दुसऱ्या प्रकारात उकडलेला कंद कुटून त्याचे गोळे करतात आणि ते साखरेत आटवलेल्या लोलोत घोळवतात. बुम्बूंना कुमालाचा हा दुसरा प्रकार करायचा होता.

रताळी सालीसकट उकडत ठेवून बुम्बू खोबऱ्याकडे वळल्या. त्यांची खवणी म्हणजे एक बुटके लाकडी बैठे आसन आणि त्याच्या टोकाला दातेरी लोखंडी जीभ. दोन्ही बाजूंना पाय टाकून त्या तिच्यावर बसल्या आणि नारळाची वाटी जिभेवर फिरवू लागल्या. खवलेल्या खोबऱ्याचा चव इतका बारीक आणि पांढराशुभ्र पडत होता, की करवंटीच्या काळ्या पाठीचा एक कणही त्यात दिसेना. चार नारळ झाल्यावर त्यांनी मला पिळायला बसवले. पहिल्या पिळणीला पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मुठीत मावेल एवढाच चव घ्यायचा, तो फडक्यात धरायचा आणि मनगट वळवत सावकाश पिळायचा. मी घाई करत होते, तेव्हा बुम्बूंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “वाकामालुआ.” सुनेने अर्थ सांगितला: हळूहळू, जपून. पूर्वी या कामासाठी फडक्याऐवजी झाडाच्या सालीच्या धाग्यांची जुडी वापरत, असेही ती म्हणाली. चार नारळांतून दोन वाट्या दाट रस निघाला. चोथ्यात पाणी घालून काढलेला पातळ रस त्यांनी बाजूला ठेवला; त्यात रात्री अळूची पाने शिजायची होती.

तोवर रताळी शिजली होती. गरम असतानाच त्यांची साले काढून ती लाकडी परातीत कुटली. गार झाली की गुठळ्या राहतात, म्हणून बुम्बू बोटे भाजली तरी थांबत नव्हत्या. कुटलेल्या लगद्याला पाणी नाही, पीठ नाही. हाताला थोडा लोलो लावून त्यांनी लिंबाएवढे गोळे वळले.

खरे कसब यापुढचे. कढईत नुसती तांबूस साखर घालून ती मंद आचेवर वितळू दिली. ती काकवीच्या रंगावर आल्यावर बुम्बूंनी मला लोलो ओतायची खूण केली आणि मी तो एकदम ओतला. कढईतून मोठा आवाज झाला, वाफ उसळली आणि साखरेचा दगडासारखा गोळा होऊन तळाला बसला. माझ्या हातून सगळे बिघडले, असे वाटून मी डाव घालून तो फोडायला लागले, तर बुम्बूंनी डाव काढून घेतला. त्यांनी लाकूड ओढून आच कमी केली आणि स्वस्थ बसून राहिल्या. दहा-बारा मिनिटांत तो गोळा कडेकडेने विरघळू लागला, पांढऱ्या लोलोत तांबड्या रेषा उतरल्या, मग सगळा रस एकरंगी झाला आणि बुडबुडे जड होत गेले. थोड्या वेळाने कडेला तेलाचे बारीक थेंब चमकू लागले. आमच्या घरी याला रस फुटणे म्हणतात आणि असे पातेले पाहिले की आई हळहळते. बुम्बू मात्र त्याच क्षणाची वाट पाहत होत्या. तेल सुटल्यावरच त्यांनी गोळे त्यात सोडले आणि कढई हलवत हलवत ते घोळवले.

केळीच्या पानावर वाढलेला पहिला गोळा मी खाल्ला तेव्हा आधी लागला जळक्या साखरेचा किंचित कडवटपणा, त्यामागून खरपूस खोबरेल वास, आणि आत रताळ्याची साधी, कोरडी गोडी. साखर फक्त बाहेरच्या रसात असल्यामुळे मला तो आपल्या पाकातल्या पदार्थांपेक्षा अधिक भावला. आम्ही खात असताना रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला घरातून हाक जात होती, “माई काना,” म्हणजे या, जेवायला या. माझ्या देखत दोघेजण खरोखरच येऊन बसले. उरलेल्यांतले चार गोळे बुम्बूंनी पानात बांधून टॅक्सीवाल्यांसाठी दिले.

वेंगुर्ल्याला परतल्यावर मी हा पदार्थ तीनदा केला. पहिल्यांदा साखरेऐवजी गूळ घेतला, पण त्याचा स्वतःचा वास खोबऱ्यावर चढून बसला. दुसऱ्यांदा रताळी उकडली, तर आमची रताळी पाणथळ निघाली आणि गोळे रसात फुटले. तिसऱ्यांदा ती चुलीतल्या निखाऱ्यांत भाजून घेतली, तेव्हा जमले. किलोभर रताळ्यांना चार नारळांचा पहिला रस आणि पाव किलोला थोडी कमी साखर पुरते. लोलो ओतल्यावर साखरेचा दगड झाला, तो मी डावाने हलवला नाही. आई मागे उभी होती. कडेला तेल सुटताना पाहून ती म्हणाली, “अगं, रस फुटला की.”

“फुटू दे, आई,” मी म्हटले आणि गोळे सोडले.