सोन्याचे नॅनोकण, डीएनए आणि नागपूरचा मे: माझा अनुभव

डीएनएच्या धाग्यांनी सोन्याचे कण जोडण्याची पद्धत १९९६ची, मर्किन आणि ॲलिव्हिसाटोस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांच्या गटांची. नागपुरात ती करताना मला दोनच गोष्टी छळतात, मीठ आणि तापमान.

कण करणं सोपं. भांडी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवायची. १ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्लाचं १०० मिली द्रावण उकळत असताना ३८.८ मिलिमोलर सायट्रेट, १० मिली, एकदम ओतायचं. १३ नॅनोमीटरचे लालबुंद कण मिळतात, प्रकाश-शोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास. बोअरच्या पाण्याशी संबंध येऊ द्यायचा नाही. त्यातल्या क्षारांनीच कण गुठळतात.

थायॉलवाला, म्हणजे टोकाला सोन्याला चिकटणारा गंधकाचा गट असलेला डीएनए टीसीईपीने (गंधकाचे बंध तोडणाऱ्या रसायनाने) तासभर मोकळा करून, स्तंभातून गाळून, लगेच कणांत घालतो. मिलीमागे ३-४ नॅनोमोल पुरतो.

आता मीठ. कण आणि डीएनए दोघेही ऋणभारित. मिठाने ते एकमेकांना कमी ढकलतात आणि जास्त धागे बसतात. पण धागे पुरेसे बसण्याआधी मीठ वाढवलं तर कणच चिकटतात. म्हणून आधी फॉस्फेट बफर आणि ०.०१ टक्का ट्वीन (साबणासारखं द्रव्य), मग ०.०५ मोलरच्या टप्प्यांनी ०.३ मोलरपर्यंत, दोन दिवसांत. थेंब थेंब, नळी हलवत. निळं-राखाडी झालं की ओतून द्या, ते परतत नाही. नंतर सुटा डीएनए थंड सेंट्रिफ्यूजमध्ये तीनदा धुऊन काढायचा. राहिला तर तोच पूरक टोकं, म्हणजे एकमेकांशी जुळणारी डीएनएची टोकं, अडवतो.

पूरक टोकांचे दोन गट मिसळले की लाल रंग जांभळा होतो. खरी जोडणी ओळखायची खूण म्हणजे तापवल्यावर दोन-तीन अंशांत परत लाल. मिठाने झालेली गुठळी तशीच राहते.

आणि इथेच नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आडवा येतो. आखूड टोकांचा वितळबिंदू (ज्या तापमानाला जुळलेले धागे सुटतात) चाळिशीच्या आसपास असेल आणि कूलर बंद पडलेल्या खोलीचा पाराही तिथेच, तर ‘सामान्य तापमानाला रात्रभर’ ठेवलेली नळी सकाळी लालच दिसते. डीएनए खराब आहे असं वाटतं, नसतो. नळी पीसीआर यंत्रात (नेमकं तापमान राखणाऱ्या यंत्रात) २५ अंशांना ठेवा.

कणांची शिस्तबद्ध रचना, म्हणजे स्फटिक हवे असतील तर वितळबिंदूच्या वरून ताशी ०.६ अंशाने थंड करायचं. यात दोन दिवस जातात, तेव्हा यंत्र यूपीएसवर हवंच, आणि नळीला वरून खनिज तेलाचा थर द्या, नाहीतर पाणी उडून मीठ वाढतं.