बुलेट ५०० वर टर्बो : बूस्ट किती, किती वेळ आणि कोणत्या महिन्यात

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला टर्बोचा (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाचा) किती बूस्ट, म्हणजे हवेचा किती जादा दाब, सोसतो, या प्रश्नाचे उत्तर मी गेली दोन वर्षे एका आकड्यात शोधत होतो. यंदाच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, घेतलेल्या मोजमापांनंतर माझे मत बदलले आहे. निदान नागपुरात तरी बूस्टच्या आकड्याबरोबर बाहेरचे तापमान आणि बूस्ट किती सेकंद टिकवायचा आहे, या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

जे ही नोंद प्रथमच वाचत आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन रॉयल एनफील्डच्या क्लासिक ५०० चे आहे : ४९९ सीसी, ८४ मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) ८.५ आणि मूळ ताकद २७.२ बीएचपी. हिंगणा मार्गावरील शेडमध्ये ते लोखंडी अँगलच्या चौकटीवर बसवलेले असून साखळीने एका जुन्या जनरेटरचा अल्टरनेटर फिरवते, आणि तयार होणारी वीज पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या हीटरमध्ये खर्च होते. हे इंजिन रस्त्यावर नेण्याचा माझा विचार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत वाहनात असा बदल करता येत नाही, आणि स्थिर भार देऊन मिनिटामिनिटाचे तापमान टिपणे रस्त्यावर शक्यही नाही. एकच सिलिंडर असल्यामुळे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढते. म्हणून टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामध्ये तीन लिटरची टाकी ठेवली आहे आणि बूस्ट त्या टाकीतच मोजतो.

आता मागच्या वर्षी माझी जी चूक झाली तिच्याविषयी. डिसेंबरमध्ये ०.५ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) बूस्टवर इंजिन सुरळीत चालले होते. मे महिन्यात शेडमध्ये उभे राहणे अशक्य झाले म्हणून मी डेझर्ट कूलर लावला आणि त्याचा झोत साहजिकच इंजिनावरही येत राहिला. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश असताना वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा तिशीच्या आसपास असते. तरीही मी वहीत ‘४५ अंशांत ०.५ बार सुरक्षित’ असे लिहून ठेवले. पुढच्या आठवड्यात वीज गेली, कूलर बंद झाला, आणि मी भाड्याने आणलेल्या जनरेटरवर फक्त मोठा पंखा चालवून तीच चाचणी पुन्हा केली. चाळीस सेकंदांच्या आत नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप भडकल्याची, टकटक ऐकू आली आणि मी थ्रॉटल बंद करेपर्यंत पिस्टनच्या पहिल्या दोन रिंगांमधली भिंत तुटली होती. प्लगच्या चिनीमातीवर अॅल्युमिनियमचे बारीक चमकदार कण चिकटलेले होते. ज्यांनी ते एकदा पाहिले आहेत, त्यांना इंजिन उघडण्याआधीच सारे समजते.

असे का झाले, याचा हिशेब कागदावर मांडता येतो आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. नागपुरात हवेचा दाब सुमारे ०.९७ बार असतो. त्यावर ०.५ बार चढवले तर दाबाचे गुणोत्तर साधारण १.५ होते. कॉम्प्रेसरची (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर ४५ अंशांची हवा टर्बोतून सुमारे १०७ अंशांची होऊन बाहेर पडते; हीच हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर आत गेली तर सुमारे ६७ अंशांवर बाहेर येते. बूस्टच्या घड्याळात दोन्ही वेळा काटा ०.५ वरच असतो, पण सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेत ४० अंशांचा फरक पडलेला असतो. शिवाय दाब निम्म्याने वाढला तरी १०७ अंशांच्या हवेची घनता केवळ २७ टक्क्यांच्या आसपास वाढते, म्हणजे उन्हाळ्यात इंटरकूलरशिवाय (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीशिवाय) बूस्ट वाढवणे म्हणजे बऱ्याच अंशी उष्णताच वाढवणे होय.

दुसरी बाजू फिन्सची, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या उष्णता टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांची. फिनमधून हवेत जाणारी उष्णता त्या दोघांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. हेड (सिलिंडरचा वरचा, प्लग बसवलेला भाग) २०० अंशांवर आणि हवा १५ अंशांवर असेल तर हा फरक १८५ आहे. हवा ४५ अंशांची झाली की तो १५५ वर येतो, म्हणजे थंड करण्याची क्षमता सुमारे १६ टक्क्यांनी घटते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटभोवती एखादी जागा अतितप्त झाली तर तेथील पाणी स्थानिक पातळीवर उकळून ती उष्णता उचलून नेते. आपल्या इंजिनात असा कोणताही आधार नाही. त्यातच नॉकिंग सुरू झाले की धातूच्या भिंतीलगतचा तुलनेने थंड वायूचा पातळ थर विस्कटतो, हेड आणखी तापते आणि तापलेल्या हेडमुळे नॉकिंग वाढते. हे चक्र एकदा फिरू लागले की ते थांबवायला हातात फार थोडे सेकंद असतात.

पोर्शेचे उदाहरण आपल्यापैकी अनेकजण देतात, मात्र ते अर्धेच देतात. १९७५ च्या ९३० टर्बोमध्ये हवेवर थंड होणारे तीन लिटरचे इंजिन सुमारे ०.८ बार बूस्टवर २६० अश्वशक्ती देत होते, हे खरे आहे. पण त्याचे कॉम्प्रेशन केवळ ६.५ होते आणि इंजिनावर स्वतंत्र मोठा पंखा होता. १९७८ मध्ये ३.३ लिटरच्या इंजिनाला इंटरकूलर मिळाला तेव्हा कॉम्प्रेशन ७ पर्यंत नेले गेले. कावासाकीच्या ७५० टर्बोमध्येही ते ७.८ इतकेच होते. ८.५ कॉम्प्रेशनवर पोर्शेचा आकडा मागणे, हीच माझी पहिली चूक होती.

पावसाळ्यात मी सिलिंडरच्या खाली १.८५ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची प्लेट बसवून कॉम्प्रेशन ७.५ वर आणले. हिशेब सोपा आहे : ज्वलनकक्षाचे आकारमान ६६.५ वरून सुमारे ७६.८ घनसेंटिमीटर व्हायला हवे होते आणि ८४ मिलिमीटर बोअरला ती वाढ याच जाडीने मिळते. पुशरॉड तेवढेच लांब करून घ्यावे लागले. पिस्टन आणि हेड यांच्यातली चिमूट अंतराची जागा, जिच्यामुळे मिश्रण घुसळले जाऊन नॉकिंग टळते, ती मात्र या उपायाने वाया जाते. वाटीदार माथ्याचा पिस्टन अधिक योग्य ठरला असता, असे माझे मत आहे. इंधनाच्या बाबतीत ई-२० ने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) मदतच केली, कारण इथेनॉलचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. परंतु त्याला हवेच्या प्रमाणात इंधन जास्त लागते. म्हणून इंजेक्टर मोठा घेतला असून मिश्रण लॅम्डाच्या आकड्यात (१ म्हणजे हवा आणि इंधन नेमके पुरते, त्याहून कमी म्हणजे इंधन जास्त) ०.८२ च्या आसपास राखतो.

आता यंदाची मोजमापे. तापमान मोजणारे थर्मोकपल प्लगच्या वॉशरखाली आहे, फेरे मिनिटाला ४०००, थ्रॉटल पूर्ण उघडे, कूलर बंद, आणि पंख्याचा वारा ताशी ५० किलोमीटर. लायकॉमिंगच्या विमान इंजिनांत हेडची कमाल मर्यादा २६० अंश दिलेली असते, पण २०० अंशांच्या पुढे अॅल्युमिनियमची ताकद वेगाने घटते, त्यामुळे माझ्या हेडसाठी मी २१५ ही रेषा आखली आहे. बाहेर ४४ अंश असताना बूस्टशिवाय तापमान १८२ वर स्थिरावले. ०.२ बारवर ते १९८ झाले. ०.३ बारवर चार मिनिटांनी २०९ वर येऊन थांबले आणि पुढची सहा मिनिटे तेथेच राहिले. ०.४ बारवर मात्र ते थांबलेच नाही; सत्तर सेकंदांत २१५ ओलांडले आणि काटा चढतच होता. ०.५ बारला पंचवीस सेकंदांत चाचणी बंद करावी लागली. डिसेंबरच्या सकाळी १४ अंशांत हेच इंजिन ०.४ बारवर २०७ ला स्थिर होते.

म्हणून या इंजिनासाठी, इंटरकूलर नसताना, मे महिन्यात सतत चालवण्यासाठी ०.३ बार आणि हिवाळ्यात ०.४ बार, असे मी वहीत लिहिले आहे. ओव्हरटेक करण्याइतक्या दहा सेकंदांसाठी ०.५ बार चालेल, पण त्यानंतर हेड पूर्ववत व्हायला माझ्या चौकटीवर जवळजवळ दोन मिनिटे लागतात, आणि दहा-दहा सेकंदांचे असे झटके लागोपाठ दिले तर ते सलग चालवल्यासारखेच आहे. रस्त्यावरच्या छोट्या धावेवरून काढलेल्या निष्कर्षांवर माझा विश्वास याच कारणाने उरलेला नाही.

पुढचे काम इंटरकूलरचे आहे. टर्बोतून येणारी १०७ अंशांची हवा ६५ पर्यंत उतरली, तर त्याच ०.५ बारवर घनतेतील वाढ २७ वरून ४२ टक्क्यांवर जाते. इंटरकूलरमधील दाबाची घट यात धरलेली नाही. हवा थंड झाल्याने नॉकिंग लांब जाईल, पण जास्त हवेबरोबर जास्त इंधन जळेल आणि ती उष्णता याच फिन्सना बाहेर टाकावी लागेल. तेव्हा ०.४ बारवर तापमान स्थिरावते की अधिक वेगाने चढते, हे आधी पाहायचे आहे. गाभा आणला आहे, पाईप वाकवून झाले आहेत, आणि पाऊस सुरू होण्याआधी ४० अंशांपुढचा एखादा दिवस मिळाला तर पहिले वाचन त्याच दिवशी घेईन.