आमची वाटचाल : कोरांटीच्या आधाराने उभी राहिलेली रोपवाटिका

नागपुरात रोपवाटिका काढली म्हटल्यावर येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा संत्र्याची कलमे मागतो. २००४ साली हिंगणा मार्गालगत भाड्याच्या पाऊण एकरात आम्ही सुरुवात केली तेव्हा आम्हीही जंबेरी या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरून, म्हणजे कलमे बांधून घेतली होती. पण त्या धंद्यात मुरलेल्या जुन्या मंडळींपुढे आमचा निभाव लागला नाही. त्या पहिल्या हिवाळ्यात आम्हाला हात दिला तो सासूबाईंनी माहेरच्या अंगणातून आणून कुंपणाला लावलेल्या जांभळ्या कोरांटीने. गिऱ्हाईक गुलाब पाहायला येई आणि जाताना फाटकाशी थांबून त्या कुंपणाची चौकशी करी.

वनस्पतिशास्त्रात बार्लेरिया क्रिस्टाटा या नावाने ओळखले जाणारे हे झुडूप अबोलीच्याच कुळातले आहे. इंग्रजीत त्याला फिलिपिन्सचे नाव चिकटले असले तरी ते मूळचे आपल्याकडचेच, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत ते जांभळ्या, पांढऱ्या किंवा पट्टेरी फुलांनी भरून जाते. फुलाला वास नसतो, तरीही वेणीत ते शोभून दिसते आणि देवाला चालते. पिवळी, काटेरी कोरांटी ही त्याची बहीण. ती आम्ही फक्त कुंपणासाठी मागणाऱ्यांना देतो.

रोपे तयार करणे अवघड नाही. मृग बरसला की पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, ना कोवळी ना जून अशी काडी घेऊन तिचे तीन-चार पेरांचे तुकडे करतो, खालची पाने काढतो आणि वाळू व कोकोपीटच्या मिश्रणात हिरव्या जाळीखाली ते तुकडे खोचतो. तीन-चार आठवड्यांत मुळ्या सुटतात. खरी अडचण आपल्या काळ्या मातीची आहे. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्यात कोरांटीची मुळे कुजतात. म्हणून लावणीच्या खड्ड्यात निम्मी मूळ माती आणि उरलेल्या निम्म्यात मुरूम व शेणखत भरण्याचा आमचा आग्रह असतो, आणि जागा सखल असेल तर वाफा वीतभर उंच घ्यायला सांगतो.

२०१३ च्या मे महिन्यात शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला, तेव्हा पिशव्यांतली आमची बहुतेक तरुण रोपे करपली. जमिनीत रुजलेली जुनी झुडपे मात्र पाने गाळून तग धरून राहिली आणि पाऊस पडताच बुडातून फुटली. तेव्हापासून नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, उलटण्याआधी पिशव्या विकायच्या नाहीत, असा नियमच आम्ही केला. विक्री बुडते हे खरे, पण मेलेल्या रोपाची तक्रार ऐकण्यापेक्षा ते बरे.

आमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक मात्र उन्हाची नव्हती, कात्रीची होती. एका गृहसंकुलाच्या आवारात आम्ही लांबलचक कुंपण लावून दिले होते आणि दसऱ्याआधी ते नीटनेटके दिसावे म्हणून, त्यांच्या सांगण्यावरून, सप्टेंबरच्या अखेरीस ते सरळ रेषेत छाटून टाकले. कळ्या धरतात त्या नव्या फुटीच्या शेंड्यांवर आणि नेमके तेच शेंडे आम्ही कापले होते. त्या हिवाळ्यात ते कुंपण हिरवेच राहिले. संकुलाने अर्धे पैसे अडवून धरले. आम्हीही फारसे भांडलो नाही, कारण ‘आता छाटू नका’ असे सांगणे आमचे काम होते. आता फुले ओसरल्यावर, फेब्रुवारीत, झुडूप गुडघ्याएवढे ठेवून छाटतो, जुलैअखेरपर्यंत दोनदा शेंडे खुडतो म्हणजे फांद्या दाट होतात आणि ऑगस्टनंतर कात्री लावत नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी अर्काची फवारणी पुरते. पॅन्सी जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या पाने कुरतडतात, त्यांना मी हाकलत नाही. यावरून घरात मतभेद आहेत.

आणखी एक घोळ आम्ही बरीच वर्षे घातला. काड्या घेतो पावसाळ्यात, तेव्हा झुडपाला फुले नसतात आणि जांभळ्या व पांढऱ्या कोरांटीतला फरक नुसत्या पानांवरून आम्हाला भरवशाने ओळखता येत नाही. ‘पांढरी म्हणून दिलीत, जांभळी निघाली,’ असे ऐकून घेऊन रोप बदलून देण्यात नफा जाई. आता डिसेंबरात भर फुलोऱ्यात आम्ही दोघे सकाळी लोकरीचे गुंडे घेऊन फिरतो आणि प्रत्येक मातृझाडाच्या बुडाशी त्याच्या रंगाचा दोरा बांधतो. पट्टेरीला दोन रंगांचा पीळ असतो, आणि तो पीळ घालायचे काम अजूनही सासूबाईंकडेच आहे.