थोरलीचे पाचशे, धाकट्याचे छत्तीसशे

आमच्या थोरलीचा जन्म २०१० सालचा, पुण्यातला. धाकटा न्यू जर्सीत आल्यावर झाला. दोघांच्या ताटात किंवा औषधपाण्यात आम्ही कधी फरक केला नाही, मात्र अमेरिकेच्या आयकर विवरणपत्रात तो दरवर्षी होतो.

येथील चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलांमागे मिळणारी करसवलत, ही आपल्याकडच्या ८०सीसारखी वजावट नव्हे. वजावट करपात्र उत्पन्नातून होते. क्रेडिट थेट भरायच्या करातून वजा होते, त्यामुळे दोन हजारांचे क्रेडिट म्हणजे घरात राहिलेले पूर्ण दोन हजार डॉलर. २०१८ पासून त्यासाठी मुलाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक (येथील सरकारी ओळख क्रमांक) असणे बंधनकारक झाले. येथे जन्मलेल्या धाकट्याला तो मिळाला, पण थोरलीसारख्या एच-४ व्हिसावरील, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावरील, मुलांना तो मिळत नाही. त्यांना केवळ करापुरता आयटीआयएन मिळतो आणि त्यावर वर्षाला जास्तीत जास्त पाचशे डॉलरांची सवलत असते.

हा फरक सर्वांत बोचला तो २०२१ मध्ये. करोनाच्या त्या वर्षी सहा वर्षांखालील मुलासाठी ३,६०० आणि त्यापुढे सतरा वर्षांपर्यंत ३,००० डॉलर मंजूर झाले, आणि त्यातली निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा आगाऊ मिळाली. धाकट्याचे तीनशे डॉलर महिन्याच्या मध्याला खात्यात जमा होत. एरवी मार्चमध्ये एकरकमी येणारा रिफंड क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडण्यातच संपत असे. हे तीनशे मात्र स्वयंपाकघरातल्या हिशेबाच्या वहीत थेट 'पाळणाघर' या नावापुढे लिहिले जात, आणि त्या सहा महिन्यांत कार्डावर नवी उधारी चढली नाही. रक्कम किती यापेक्षा ती केव्हा हातात पडते, हे घरखर्चाला अधिक महत्त्वाचे असते, असे माझे ठाम मत तेव्हापासून झाले. थोरलीच्या नावापुढे त्या वहीत काहीच नव्हते.

जानेवारी २०२२ पासून हे हप्ते थांबले. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या सरकारी मदतही धरणाऱ्या पूरक मोजणीनुसार बालदारिद्र्याचे प्रमाण २०२१ मध्ये ५.२ टक्के होते, ते पुढच्याच वर्षी १२.४ टक्क्यांवर गेले. आता रक्कम २,२०० डॉलर आहे, परंतु ज्यांना कर लागतच नाही त्यांना २,५०० डॉलरांवरील कमाईच्या केवळ पंधरा टक्के परत मिळतात. म्हणजे वर्षाला १२,५०० डॉलर कमावणाऱ्या, दोन मुलांच्या आईला दोघांचे मिळून १,५०० मिळतील, आणि चार लाख कमावणाऱ्या दांपत्याला पूर्ण ४,४००. हे मला न्याय्य वाटत नाही.

हे पूर्ण क्रेडिट सतरा वर्षे पूर्ण होईपर्यंतच असते. थोरली २०२७ मध्ये सतरा वर्षांची होईल, आणि तिला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळवून देणाऱ्या ग्रीन कार्डासाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, तोपर्यंत करंट होण्याची, म्हणजे आमचा नंबर लागण्याची, चिन्हे नाहीत.