छपरातली खिडकी आणि साडेपाच सूत

खिडकी बसली मे महिन्यात आणि तिच्याभोवतीची पट्टी लागली दिवाळीच्या आदल्या रविवारी. मधले पाच महिने आमच्या माळ्याच्या छताला नुसतं एक भोक होतं. कडा फाटक्या, प्लायचे थर उघडे, एका कोपऱ्यात मिस्त्रीने पेन्सिलीने केलेली बेरीज. येणारा प्रत्येक पाहुणा वर बघून "काम चालू आहे वाटतं?" म्हणायचा, आणि बायको माझ्याकडे बघायची.

घर बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. सात-सात घरं, मध्ये ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण, आणि कुणाची भिंत कुणाच्या भिंतीला लागून नाही. ऐपत येईल तसं ज्याने त्याने आपलं घर वाढवावं, ही मूळ कल्पना. लोकांनी ती इतकी मनावर घेतली की आजूबाजूला आता दोन-तीन मजली स्लॅबच जास्त दिसतात. आमचं कौलारू छप्पर टिकलं ते हौसेपेक्षा पैशाअभावी, हे कबूल करतो. माळ्यावर मात्र दिवसाही दिवा लावावा लागायचा, म्हणून पूर्वेकडच्या पाख्याला ७८ बाय ९८ सेंटिमीटरची तयार खिडकी बसवून घेतली. पूर्वेकडे का, तर सकाळचं ऊन चालतं. पश्चिमेला काच लावली असती तर एप्रिलमध्ये माळ्यावर पापड वाळले असते.

पट्टीला उशीर मुद्दाम केला. अंगणापलीकडच्या घरात एक सुतारकाका राहतात. आयुष्यभर लोकांचे देव्हारे आणि दरवाजे केलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे बसून असतो. मे महिन्यातच ते म्हणाले होते, "पट्टीची घाई करू नकोस. एक पाऊस जाऊ दे. पट्टीमागे गळती दिसत नाही रे, मुरते."

तसंच झालं. जूनमध्ये पारसिकच्या डोंगरावर ढग अडकले आणि पहिल्याच मोठ्या सरीत खिडकीच्या वरच्या कडेने पाणी आलं. बसवणाऱ्याने खिडकीच्या डोक्यावरचा पत्रा कौलांच्या वरून टाकला होता आणि फटीत सिलिकॉन भरलं होतं. पाणी वरून खाली येतं, त्यामुळे डोक्याकडचा पत्रा कौलांच्या खाली सरकवायचा असतो आणि पायथ्याकडचा कौलांच्या वर. कौलावर कौल चढतं तोच हिशेब. चार फोन आणि एका भांडणानंतर ते दुरुस्त झालं. पट्टी मेमध्येच ठोकली असती तर तो डाग मला गणपतीत दिसला असता, तोही पट्टी काळी पडल्यावर.

श्रावण-भाद्रपदात आतल्या बाजूची चौकट केली. इथे एका गोष्टीवर मी अडून बसलो. मिस्त्री चारही बाजू छपराला काटकोनात, सरळ खोक्यासारख्या करणार होता, कारण ते सोपं. मी वरची बाजू जमिनीला समांतर आणि खालची बाजू ओळंब्यात करायला लावली. उतार साधारण ३० अंशांचा. त्यामुळे आतलं तोंड खिडकीपेक्षा बरंच उंच झालं, ३० इंच रुंद आणि ४९ इंच उंच. प्रकाश आत शिरताना पसरतो, आणि वर-खाली हवा अडकून राहत नाही. प्लाय ७१० चा घेतला, म्हणजे मरीन, ओल सोसणारा. ३०३ चा स्वस्त पडला असता, पण पाणी एकदा आलेल्या जागी मला पुन्हा जुगार खेळायचा नव्हता.

मग पट्टी. बाजारात मोल्डिंगच्या पट्ट्या ढीगभर मिळतात. सोनेरी वेल असलेल्या पीव्हीसीच्या मिळतात, एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीवर, पांढरा रंग मारलेल्या मिळतात. एमडीएफ आपल्याकडच्या दमट हवेत कापलेल्या टोकाकडून फुगतं, आणि सोनेरी वेलीबद्दल आईने "लग्नाचा हॉल करायचाय का?" एवढंच विचारलं. शेवटी वखारीतून सागाची अडीच इंच रुंद, सहा सूत जाड पट्टी आणली (आठ सूत म्हणजे एक इंच). गरज पंधरा फुटांची होती, आणली वीस रनिंग फूट. काकांनी वखारीत जाण्याआधी बजावलं होतं, "रुंद घेऊ नकोस. जितकी रुंद तितका कोपरा उघडतो." नक्षी म्हणून बाहेरच्या कडेला एक बारीक गोळा आणि त्याच्या आत एक खाच, बस्स. वरून तिरपा उजेड येतो तेव्हा तेवढी खाचसुद्धा ठळक दिसते.

पहिला प्रयत्न मी एकट्याने केला, यूट्यूबच्या भरवशावर. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून चारही पट्ट्यांची टोकं ४५ अंशांत तिरपी कापली, गुण्या लावून कोपरे तपासले, फेविकॉल लावून रात्रभर दोरीने बांधून ठेवलं. सकाळी चौकट इतकी देखणी झाली होती की मी तिचा फोटो भावाला पाठवला. मग घोडीवर चढून ती छताला लावून धरली आणि पोटात गोळा आला. माझी चौकट काटकोनात होती आणि तरी धडधडीत वाकडी दिसत होती!

आमच्या छताला आतून पाइनच्या फळ्या आहेत, आढ्याला समांतर. आणि खिडकीच्या डाव्या अंगाला एक जुना वासा उघडा ठेवलेला आहे. माझी चौकट वर वाशापासून सात इंचांवर होती आणि खाली येईपर्यंत सव्वासहाच्या जरा वर. चौकटीच्या आतल्या कडेला एका बाजूने प्लाय जास्त दिसत होता, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही.

काकांना हाताला धरून जिना चढवला. त्यांनी टेपने भोकाचे दोन्ही कर्ण मोजायला लावले. एक पावणेअठ्ठावन्नच्या किंचित वर, दुसरा सत्तावन्न इंच एक सूत.

"म्हणजे भोक वाकडं आहे," मी म्हटलं.

"भोक नाही, घर वाकडं आहे. वासा आणि आढं एकमेकांना काटकोनात नाहीत. मिस्त्रीने भोक वाशाला धरून कापलं, बरोबर कापलं. साडेपाच सूत तू आणलेस, गुण्या लावून."

मी म्हटलं, "मग काका, लेव्हल कशाला धरायची?"

"इथे लेव्हल कोण लावून बघणार आहे? डोळा शेजारची रेघ बघतो. आडव्या पट्ट्या फळ्यांना धर, उभ्या वाशाला धर. कोपरा जो येईल तो येईल."

ऐकायला सोपं, पण मग ४५ चा हिशेब कोलमडतो. कोपरे आता नव्वदचे नाहीत. दोन नव्वदपेक्षा कमी, दोन जास्त, आणि फरक एका अंशाच्या आतला. असल्या मापाला माझ्याकडचा प्लॅस्टिकचा कोनमापक काय कामाचा! काकांची पद्धत कोनमापकाशिवायची निघाली. आधी प्लायच्या कडेपासून दोन सूत मागे चारही बाजूंनी पेन्सिलीची रेघ मारायची. पट्टी त्या रेघेवर बसते, प्लायच्या कडेशी तंतोतंत जुळवायची नाही. जुळवायला गेलं की केसभर चूकही ओरडून दिसते, दोन सूत सोडले की तीच चूक सावलीत जाते. मग आडवी पट्टी रेघेवर धरायची, उभी तिच्यावर चढवायची, आणि दोन्ही कडा जिथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू, आतला आणि बाहेरचा, दोन्ही पट्ट्यांवर उतरवून घ्यायचे. बिंदू जोडले की तीच कापायची रेघ. कोन किती अंशांचा ते कुणाला कळायची गरजच नाही.

जुनी चौकट मोडावी लागली. फेविकॉल एका रात्रीत फार प्रामाणिकपणे चिकटतो. दोन पट्ट्या वाचल्या, दोनांची टोकं चिरली. वीस फूट आणले होते म्हणून निभावलं.

पट्टीच्या पाठीला काकांनी रंध्याने मधोमध पोकळ काढून दिली. छताच्या फळ्या कुठे वर कुठे खाली असतात; पाठ सपाट असेल तर पट्टी डुगडुगते, पोकळ असेल तर दोन कडांवर घट्ट बसते. बसल्या जागी, मांडीवर पट्टी घेऊन, न मोजता. मी ते बघत असताना दोनदा चहा गार झाला.

लावताना क्रम वरची, मग दोन्ही उभ्या, आणि खालची सगळ्यात शेवटी. खालची पट्टी केसभर लांब ठेवली आणि टोकं थोडी थोडी तासत बसवली. डोक्यावर हात करून खिळे मारणं हा छळ आहे. मुलाने खालून लाकडाचा टेकू धरला होता आणि दर दोन मिनिटांनी "झालं का बाबा?" विचारत होता. खिळे हेडलेस. एक माझ्या अंगठ्यात थोडक्यात गेला नाही.

एक चूक मात्र कायमची राहिली. खिळ्यांची भोकं बुजवायला सागाचाच भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरला आणि तो आजूबाजूला पसरला. घासायचा कंटाळा केला. जिथे गोंद मुरलेला असतो तिथे पॉलिश धरत नाही; पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) पहिला हात मारल्यावर उजव्या उभ्या पट्टीवर फिकट डाग उमटले, देवीच्या व्रणांसारखे. ते घासून बरेचसे गेले, तीन राहिले. बायको म्हणते दिसत नाहीत. मला फक्त तेच दिसतात.

पॉलिशसाठी पावसाळा सरेपर्यंत थांबलो ते बरं केलं. लाखेचं पॉलिश स्वस्त होतं, पण पाणी लागलं की ते पांढरं पडतं, म्हणून त्याचा विचार सोडला.

जानेवारीत खालचा उजवा कोपरा आतल्या बाजूने उघडला. फार नाही, मिठाईच्या दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढा. मी पुट्टी घेऊन घोडीवर चढलोच होतो, तेवढ्यात काकांनी अंगणातून हाक मारली.

"काय करतोस?"

"फट भरतोय काका."

"उतर खाली. लाकूड ऑक्टोबरात ओलं होतं, आता सुकून आखडलंय. भरलंस तर आषाढात फुगून बाहेरचं टोक उघडेल."

मग ते कार्डच तिथे खोचून ठेवलं. परवा आषाढातल्या पावसात वर गेलो आणि ते काढायला गेलो, तर कोपऱ्याने ते असं दाबून धरलं होतं की अर्धं फाटून हातात आलं. उरलेलं अर्धं अजून तिथेच आहे.