बी.ए.ची मुलं ग्रीक-रोमनांबद्दल नवीन काय सांगणार?

पुण्याला आले की हा प्रश्न हमखास येतो. इथे अमेरिकेत, जिथे मी ग्रीक आणि लॅटिन शिकवते, तिथे विद्यार्थ्यांचे पालकही तोच विचारतात. "तुमच्या कॉलेजातली मुलं प्राचीन ग्रीस-रोमवर संशोधन सादर करतात म्हणे. एवढे विद्वान इतकी शतकं ज्यावर लिहीत आले, त्यात विशीतली मुलं नवीन काय सांगणार?" तुम्ही मनापासून विचारता, म्हणून सविस्तर सांगते.

सांगतात. सगळी नाही, दरवर्षी नाही, पण सांगतात. पहिलं कारण असं की या विषयात न वाचलेलं अजून ढिगाने पडून आहे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या जुन्या शहराच्या उकिरड्यांतून ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज अभ्यासकांनी १८९६ पासून पपायरसचे, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या प्राचीन कागदाचे, लिहिलेले तुकडे काढले. ते पाच लाखांच्या घरात आहेत. शंभराहून जास्त वर्षं त्यांचे खंड निघताहेत आणि छापून झालेला हिस्सा अजूनही थोडाच आहे. इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहरातल्या पपायरसच्या गुंडाळ्यांची गोष्ट तर तुम्ही वाचलीच असेल. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात एका हवेलीतलं ग्रंथालय जळून कोळसा झालं. अठराव्या शतकात गुंडाळ्या सापडल्या, पण उघडायला जावं तर हातात भुगा यायचा. न उघडलेल्या अशा एका गुंडाळीतला पहिला अख्खा शब्द २०२३ मध्ये स्कॅनवरून मिळाला. तो शोधणारा ल्यूक फॅरिटर तेव्हा २१ वर्षांचा होता आणि नेब्रास्का विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेत होता. त्याने संगणकाकडून शाईच्या खुणा हुडकून घेतल्या आणि जाणकारांनी ते वाचन पडताळून पाहिलं.

ही बातमी सगळीकडे झळकली. मला मात्र तिच्याइतकंच मोल वाटतं ते मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजातल्या मुलांचं. होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याची दहाव्या शतकातली एक हस्तलिखित प्रत व्हेनिसच्या ग्रंथालयात आहे. मध्ये होमरच्या ओळी आणि चारही बाजूंनी बारीक अक्षरात जुन्या भाष्यकारांच्या टीपा. कोणता शब्द मूळचा, कोणता मागून घुसला, कुणी कुठली ओळ अस्सल मानली नाही, हे सगळं त्यात आहे. २००७ मध्ये या प्रतीची उत्तम छायाचित्रं घेतली गेली. त्यानंतर पदवीची मुलं दोघं-तिघं मिळून एकेक पान घेऊन बसली आणि प्रत्येक टीप अक्षर-अक्षर लावून त्यांनी उतरवून काढली. हे काम प्राध्यापकांच्या हाताखालची हमाली नव्हे. त्या पानावरची एखादी टीप मागच्या संपादकांनी गाळली असेल, तर ती प्रथम त्या मुलांनाच दिसते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी भांडारकर संस्थेत पाठभेद टिपणाऱ्यांची कहाणी ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे या कामाचं मोल मला वेगळं सांगावं लागत नाही.

आता माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल. तिला 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेवर काही करायचं होतं. पहिला विषय घेऊन आली तो 'रोम आणि भारत यांचा व्यापार'. मी नको म्हटलं. या बाबतीत मी हट्टी आहे. पंधरा-वीस मिनिटांत एवढा विषय मांडायचा तर इतरांनी लिहिलेलंच पुन्हा सांगावं लागतं. एक उतारा घे, म्हटलं. तिने आपल्या पैठण आणि तेरचा घेतला, आणि तो मी सुचवलेला नव्हता. लेखक म्हणतो, बॅरिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे तेर. तिथून गोमेदासारखे दगड आणि कापड गाड्यांवर लादून भडोचला येतं.

हा उतारा शेकडो लेखांत उद्धृत झाला आहे. तिने नकाशा काढला आणि अंतरं मोजली. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर, पैठण ते तेर जेमतेम दीडशे. म्हणजे सह्याद्री ओलांडायचा त्या टप्प्यात गाड्या दिवसाला जास्त चालतात आणि पुढच्या सपाटीवर कमी? शिवाय तेर पैठणच्या पूर्वेला कमी, दक्षिणेला जास्त. तिचं म्हणणं असं होतं की किनाऱ्यावरची बंदरं, भरती-ओहोटी, खडक याबद्दल इतकं नेमकं लिहिणारा हा माणूस देशावर आलेलाच नसावा. वीस आणि दहा हे भडोचच्या बाजारात ऐकलेले गोळाबेरीज आकडे आहेत.

सादरीकरणाच्या दिवशी तिने रिवाजाप्रमाणे सगळ्यांना एक कागद वाटला. वर मूळ ग्रीक, खाली तिचं स्वतःचं भाषांतर, मागे नकाशा. आमच्या विषयात हा कागद फार महत्त्वाचा. तुमचा पुरावा ऐकणाऱ्याच्या हातात असतो आणि तुम्ही बोलत असताना तो ते ग्रीक वाचत असतो, त्यामुळे काही दडवता येत नाही. प्रश्नांच्या वेळी मागून एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "हा ग्रंथ मुख्यतः हायडेलबर्गच्या एकाच हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आला. नक्कल करणाऱ्याने आकडा चुकवला नसेल कशावरून?" ती थोडी थांबली आणि म्हणाली, "एक आकडा चुकला असेल. पण दिशासुद्धा ढोबळ आहे, आणि आत गेल्यावर वर्णन एकदम आटतं. तिन्ही गोष्टी नकलकाराच्या माथी मारता येणार नाहीत." प्राध्यापकांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. चर्चा पुढे घाटवाटांवर गेली, आणि नाणेघाटाबद्दल मलाही बोलता आलं.

पालक विचारतात, याने नोकरीत काय फायदा? खरं सांगायचं तर मी हे शिकवते ते त्यासाठी नाही. मी पुण्यात संस्कृत घेऊन बी.ए. केलं, भरपूर शिकले, पण माझं स्वतःचं विधान चार लोकांसमोर मांडून "कशावरून?" या प्रश्नाला उभं राहायची वेळ तेव्हा आली नाही. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी ती यावी असं मला फार वाटतं. विषय दूरचा असल्याने मुलं मोकळेपणाने चुकतात, सुधारतात, आणि कुणाच्या भावनांना धक्का लागत नाही.

दुसरा प्रश्न नेहमी जोडून येतो: आपल्याकडच्या मुलांना हे जमेल का? ग्रीक-लॅटिन शिकायला वेळ लागतो, हे खरं. पण ग्रंथ आता फुकट उपलब्ध आहेत. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' संग्रहात ग्रीक शब्दावर क्लिक केलं की व्याकरण आणि कोश समोर येतो. आणि काही पुरावा तर आपल्या दारात आहे, तोही प्राकृतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांचे लेख आहेत. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठी. त्यातले अनेक जण स्वतःला धेनुकाकटचे म्हणवतात. हे धेनुकाकट नेमकं कुठे होतं, यावर अजून एकमत नाही. नावं मात्र बरीचशी भारतीय वाटतात. मग हे ग्रीक होते, ग्रीकांचे वंशज होते, की यवन म्हणजे तेव्हा आणखी काही? लेख छापलेले आहेत, लेणी लोणावळ्याजवळ आहेत. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एवढा विषय पुरे.