कसाऱ्याचा घाट, निफाडची विहीर आणि उणे चिन्ह

मुंबईहून नाशिककडे येणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून बँकर इंजिनं जोडतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. इगतपुरीकडची दिशा धन धरली, तर बँकरच्या बलाचं चिन्ह कोणतं? ‘मागून आहे म्हणून उणे’ हे उत्तर वर्गात हमखास येतं. पण बल कुठून लागतंय ते पाहायचंच नसतं. त्याचा बाण कुठे तोंड करून आहे, तेवढंच पाहायचं. ओढणारं आणि ढकलणारं, दोन्ही बलं इगतपुरीकडे. दोन्ही अधिक.

या घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. वजनाचा रुळांना समांतर घटक त्यामुळे वजनाच्या साधारण सदतिसाव्या भागाइतका येतो. १००० टनांची गाडी धरा: १०,००,००० × ९.८ ÷ ३७, सुमारे २.६५ लाख न्यूटन. दिशा कसाऱ्याकडे, म्हणून उणे.

आता तीच गाडी घाट उतरतेय असं समजा, पण अक्ष, म्हणजे धन धरलेली दिशा, बदलू नका. वेग उणे झाला. वजनाचा घटक? तो होता तसाच, उणे. ब्रेकचं बल मात्र अधिक झालं, कारण ते गतीला विरोध करतं आणि गतीच उलटली. गाडी कुठे चाललीय याचं गुरुत्वाला काही सोयरसुतक नसतं, घर्षणाला असतं. गाडी एकसारख्या वेगानं उतरत असेल, तर ब्रेक आणि बाकीचा विरोध मिळून +२.६५ लाख न्यूटन भरलेच पाहिजेत.

‘ऋण त्वरण म्हणजे मंदन’ हे पाठ केलेलं वाक्य इथेच दगा देतं. नाशिकमधल्या द्वारका चौकातून नाशिकरोडकडची दिशा धन धरा. नाशिकरोडकडून द्वारकेकडे येणाऱ्या बसचा वेग −१५ मी/से, आणि ती ५ सेकंदांत थांबली. त्वरण = (० − (−१५)) ÷ ५ = +३ मी/से². बस मंदावतेय आणि त्वरण चक्क अधिक! वेग आणि त्वरण यांची चिन्हं सारखी असली की चाल वाढते, वेगळी असली की घटते. एकट्या त्वरणाच्या चिन्हावरून काहीच सांगता येत नाही.

घर्षणाची एक खोच. दांड्यातल्या किंवा बिजागरीवरच्या बलाची दिशा कळत नसेल, तर बाण कुठलाही काढा. उत्तर उणे आलं की दिशा उलटी, विषय संपला. सरकत्या घर्षणाला ही सवलत नाही. त्याचं मान अभिलंब बलावरून (पृष्ठभाग वस्तूला काटकोनात ढकलतो त्या बलावरून) आधीच ठरलेलं असतं, म्हणून बाण चुकला तर त्वरणाचा आकडाच चुकीचा येतो. वस्तू स्थिर असेल, तर आधी घर्षण नाहीच असं धरून ती कुठे सरकेल ते पाहा आणि मग बाण काढा.

सगळ्यात जास्त मार्क मात्र वर फेकलेल्या दगडात जातात. समजा, निफाडकडच्या एखाद्या विहिरीत पाणी काठापासून १५ मीटर खाली आहे. काठाच्या पातळीवरून दगड सरळ वर १० मी/से वेगानं फेकला, तर पाण्यात कधी पडेल? वहीच्या कोपऱ्यात वर जाणारा बाण काढून त्यापुढे ‘+’ लिहा. मग सुरुवातीचा वेग +१०, त्वरण −१० (सोयीसाठी १०), विस्थापन −१५. वेळेला क्ष म्हणू. सूत्र नेहमीचंच: विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळ².

−१५ = १०क्ष − ५क्ष²
क्ष² − २क्ष − ३ = ०
क्ष = ३ किंवा −१

उत्तर ३ सेकंद. ‘खोली १५ मीटर’ म्हणून कुणी +१५ लिहिलं, तर क्ष² − २क्ष + ३ = ० येतं आणि वर्गमुळाखाली −८. ही आकडेमोडीतली चूक नाही. आपण नकळत ‘दगड काठाच्या १५ मीटर वर कधी असेल’ असं विचारलं, आणि दगड तर जेमतेम ५ मीटर वर जातो. दुसरी चूक दुहेरी उण्याची: गुरुत्वत्वरण −१० धरायचं आणि सूत्रातही आधीच उणे ठेवायचं. त्वरण +१० होतं, मुळाखाली पुन्हा −८.

घातक प्रकार म्हणजे या दोन्ही चुका एकदम होणं. १५ = १०क्ष + ५क्ष², आणि क्ष = १. उत्तर इतकं गोंडस दिसतं की कुणाला शंकाही येत नाही, पण ते आहे दगड १० मी/से वेगानं खाली फेकल्याचं. म्हणून चिन्ह एकदाच लावा, किंमत घालताना. सूत्रात नेहमी ‘+ त्वरण’च लिहा, उणे त्वरणाच्या किमतीतच राहू द्या.

आणि ते −१ नुसतं खोडू नका. १ सेकंद आधी पाण्याच्या पातळीवरून २० मी/से वेगानं वर निघालेला दगड काठाशी येईपर्यंत १५ मीटर चढलेला असतो आणि त्याचा वेग नेमका १० मी/से उरलेला असतो. आपला दगड तेव्हा हातात होता, म्हणून ते उत्तर सोडायचं.